वाढ दिसली नाही

सहा नंबर वॉर्डातल्या बेसिनचा स्वॅब
तिसऱ्यांदा आला माझ्या टेबलावर.
प्लेटवर तीच हिरवट झाक,
झाकण उघडलं की तोच गोडसर वास,
नान्नजच्या द्राक्षांची पेटी उन्हात विसरावी तसा.
मी लिहिते : वाढ आहे.
वरून उत्तर येतं : औषधाचं प्रमाण वाढवा.

मग नरसव्वा दुडम बादलीत हायपो ओतते.
डोळे चुरचुरतात तिचे, माझे,
आणि तीन नंबर खाटेवरच्या म्हाताऱ्याचे,
ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही.
बेसिन लख्ख होतं.
चौथ्या दिवशी पुन्हा द्राक्षं.

नरसव्वानं वीस वर्षं विड्या वळल्या,
बोटांना अजून पानाची शीर कळते.
ती जाळीत बोट घालून म्हणाली,
"मेलंय म्हंताव तुमी, मॅडम.
निघालंय का पण?"

मी समजावायला गेले तिला,
की पाण्यात एकटा हिंडणारा जंतू भित्रा असतो,
दोन थेंबांत संपतो.
पण एकदा ओल्या भिंतीला टेकला,
की अंगातून चिकटा सोडतो, जागा धरतो,
दुसऱ्याला हाक देतो, तिसरा येतो,
थरावर थर, मधून पाण्याचे बारीक बोळ,
पुरी पेठ वसते नखाएवढ्या जागेत.
औषध येतं ते वेशीवरच खर्ची पडतं.
वरचे मरतात. त्यांच्या मढ्यांखाली
काहीजण नुसते पडून असतात,
खात नाहीत, वाढत नाहीत.
ज्याला भूकच नाही
त्याला विष कसं चारणार?

सोलापुरात राहून चादर म्हणायचा मोह होतो.
पण चादर कुणीतरी विणतं,
घडी घालतं, चाटी गल्लीत नेऊन विकतं.
इथं विणकर हेच सूत.

माझं बोलणं संपेपर्यंत
नरसव्वानं दोन खाटांखाली फडकं मारलं होतं.

त्या रात्री आमच्या दत्तनगरात पाण्याची पाळी.
पाचवा दिवस, सव्वातीन वाजता नळ खाकरला.
भरण्याआधी निळं बॅरल आडवं केलं,
खांद्यापर्यंत हात आत घातला, सहज,
आणि भिंत मऊ लागली.
बुळबुळीत. जिभेसारखी.
मीच दर खेपेला मोजून क्लोरीनचे थेंब टाकत आले यात,
मी, शिकलेली बाई,
आणि वर झाकण.

काथ्या घेतला, जाडं मीठ घेतलं.
घासत राहिले. पाणी रस्त्यावरून वाहत गेलं.
शेजारून इरव्वा ओरडली,
"अगं नळ गेला की! काय करालीस आत शिरून?"
अर्धंच बॅरल भरलं त्या पाळीला.
नवरा दोन दिवस तांब्याभर पाण्यात अंघोळला
आणि काही बोलला नाही,
म्हणजे पुष्कळ बोलला.

मग इस्माईल नदाफला बोलावलं.
त्यानं बेसिनखालचा वाक सोडवला,
फरशीवर आपटला, तोंड फिरवलं.
काळपट, जाडसर, पोह्याच्या तळाला लागतं तसं काहीतरी,
त्यात एक टाका, एक केस, कापसाचा बोळा.
नरसव्वा बाटलीच्या ब्रशला तार बांधून बसली.
आधी घासणं. मग हायपो, नेहमीच्याच मापानं.
हा क्रम माझ्या पुस्तकातही होता,
ठळक अक्षरांत,
परीक्षेत दोन मार्कांना.

प्लेट या खेपेला कोरी.
मी लिहिलं, जसं लिहायचं असतं तसं :
अठ्ठेचाळीस तासांत वाढ दिसली नाही.

नरसव्वाला तेलुगू वाचता येतं, मराठी नाही.
"काय लिवलाव?"
वाचून दाखवलं.
तिनं क्षणभर कागदाकडं पाहिलं.
"दिसली न्हाई म्हंजे हायच की."
मग ब्रश झटकला, आणि खिळ्याला टांगला,
केस वर करून,
वाळेल असा.