खिडकीचं पाकीट

खिडकीवाली पाकिटं आमच्या घरात कुणी फोडत नाही.
आईचा नियम.
त्या पारदर्शक कागदाआडून, ती म्हणते,
कुणीतरी पैसे मागायला डोकावत असतं.
मग पाकीट सरळ खणात,
संपलेल्या बॅटऱ्या आणि मासेमारीच्या
जुन्या परवान्यांखाली.

माझी कर्जमाफी अकरा दिवस तिथंच होती.

अकरा दिवस मी पहाटे
ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते,
सुपीरियर तलावाचा वारा कानांत घेऊन
इस्पितळात जात होते, आणि
लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढत होते.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
एक तारखेला नेहमीसारखे
दोनशे बारा डॉलर भरलेसुद्धा
नसलेल्या कर्जापोटी.

फौजेनं शिकायला पैसे दिले होते, नाही असं नाही.
ते ज्या कॉलेजात घातले
ते दीड वर्षात बंद पडलं.
एका सोमवारी दाराला साखळी,
आणि पार्किंगमध्ये आम्ही चाळीस जण
दप्तरं पाठीला लावून उभे.
दुसरं कॉलेज कर्जावर केलं.
तेच हे.

अर्ज भरायला गेले तेव्हा
खिडकीमागे ऑरविल लाहती होता,
उजव्या हाताचा अंगठा अर्धाच,
कुठल्या लढाईतला ते मी विचारलं नाही,
त्यानं माझी विचारली नाही.
'सेवेतून वेगळं झाल्याची तारीख?'
मी लिहिली. चार ऑगस्ट.
पेन थोडा वेळ तिथंच टेकून राहिलं.
'कागदावरची चालेल,' तो म्हणाला.

रविवारी जेवताना मेहुणा बोललाच:
'मी माझं लाकूडतोड करून फेडलं, रोडा.
मला कोण माफ करणार?'
डुएन वाईट माणूस नाही.
त्याची कंबर चाळिशीतच गेली.
उत्तर होतं माझ्याकडे, एक नाही, तीन होती,
पण मी बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.
त्यानं घेतले.

माफी म्हणजे खरं तर
चुकलेल्यानं मागायची गोष्ट.
मी सही करून मागितली, तीन प्रतींत,
चूक कोणती तो रकाना नव्हता.
आणि राज्य जर म्हणत असेल
की आम्हीच तुझे देणेकरी,
तर मग माफ कुणी कुणाला केलं?
कर्ज माफ होतं, एवढंच मला कळतं.
ऋणाचं खातं वेगळ्या खिडकीवर असावं.

रेनाल्डो किंटानाला गणिताचा मास्तर व्हायचं होतं.
कंदाहारच्या उन्हात, पट्ट्यांच्या खोक्यावर बसून
तो मला अपूर्णांक शिकवायचा,
मी सत्तावीस वर्षांची घोडी, मला येत नव्हते.
त्याचं कर्ज माझ्या कितीतरी आधी मिटलं.
अर्ज नाही, खिडकी नाही.
त्याच्या आईनं फोनवर वाचून दाखवलं, एकच ओळ:
कर्जदार मयत, खाते बंद.
'पत्राची भाषा चांगली आहे,' ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ
तिच्याकडच्या फ्रिजचा आवाज ऐकू येत राहिला.

माझं पाकीट सापडलं ते बॅटरी शोधताना.
मी वाचलं. उभ्यानंच परत वाचलं.
आईला दाखवलं, तर तिनं आधी
मागची बाजू उलटून पाहिली,
तिथं बारीक अक्षरात काही नाही ना.

मग आम्ही खण पुरा काढून टेबलावर उपडा केला.
मासे साफ करायच्या सुरीनं
ती एकेक खिडकी फाडत गेली.
विजेचं. विम्याचं. पुन्हा विम्याचं.
शेवटचं बाबांच्या नावाचं निघालं,
त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली:
अभिनंदन, श्री. कांगास,
आपल्याला कमी व्याजदरात कर्ज मंजूर झालं आहे.

आईनं चष्मा नाकावर घेतला, आकडा नीट पाहिला,
घडी घातली आणि म्हणाली,
'हे असू दे.'