वासाचा रकाना

देवगड जेटीच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या कारखान्यामागे
टाकी फुगते, टाकी बसते.
तिच्या पोटात बांगड्यांचे कल्ले,
कॅनिंगवाल्यांकडच्या आंब्याच्या साली,
बोंडूंचा चोथा. ज्याचा त्याचा मोसम.

पुढे पत्र्याच्या खोलीत एक कपाट: फ्युएल सेल.
आत सातशे अंश,
पण ज्वाळा नाही, धूर नाही, धडधड नाही.
गॅस इकडून आत जातो
आणि भिंतीपलीकडे बर्फाची लादी घट्ट होते.

मी तिथे शिकवायला गेलो होतो,
माणसांना नव्हे, एका मॉडेलला.
चौदा सेन्सर, दर मिनिटाला आकड्यांची एक ओळ,
मार्चपासूनच्या ओळी, त्यात दोन महिने बोटी किनाऱ्यावर.
त्याने सांगायचं, उद्या गंधक किती चढेल,
हवा किती सोडायची,
गाळणीतला जांभ्याचा चुरा केव्हा बदलायचा.
जांभा गंधक गिळतो. गिळून काळा पडतो.
उन्हात पसरला की पुन्हा लाल.
हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात मॉडेल तीनदा चुकलं.
तीनदा वीज उतरली, बर्फ पाणचट झाला,
खलाशी शिव्या देऊन गेले.
मी आलेख मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा.

टाकीत बादल्या ओतणाऱ्या सत्यवती कुबल म्हणाल्या,
"माका इचारलास काय?
सोमवारी रापणीचे तारले इले, सगळे कुजके.
तेव्हाच म्हटलंय, आज गॅस चावतलो."
कुणाला म्हटलंत?
"टाकयेक."

मग एक रकाना वाढवला. पंधरावा.
नाव: वास. शून्य ते पाच.
रोज सकाळी बादली उपडी करायच्या आधी
त्या आकडा सांगत, मी टाइप करी.
साडेतीन म्हणजे साडेतीन. चार म्हटलं तर रागवत.
चूक निम्म्यावर आली.
अहवालात मी लिहिलं,
'एक अतिरिक्त निरीक्षण समाविष्ट केले आहे.'
साहेबांनी फोनवर विचारलं, हा सेन्सर कुठल्या कंपनीचा?
म्हटलं, मिठमुंबरीचा.

डिसेंबरात त्यांना सर्दी झाली.
पाच दिवस रकान्यात नुसती रेघ.
मॉडेलने रिकाम्या जागी सरासरी भरली,
मीच शिकवलं होतं तसं.
दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक सहा.
पाचव्या दिवशी जांभा दुपारीच काळा.

हे ऐकून त्यांनी नाक ओढलं.
थोड्या खूश झाल्या असाव्यात.
मग बादली विसळता विसळता म्हणाल्या,
"पगारात ह्या नाकाचो येगळो रकानो आसा काय?"

मी लॅपटॉप उघडून बसलेला.
बाहेर चुरा उन्हात पसरला होता,
कडेकडेने लाल होऊ लागलेला,
मध्ये अजून काळा.