शत्रूचा रंग

मे महिना, भुसावळ, दुपारचे तीन.
पश्चिमेच्या खिडकीला गोधडी ठोकली आहे
तरी एका भोकातून ऊन येतंच
आणि मॉनिटरच्या बरोबर मधोमध बसतं,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.
भोकाला चिकटपट्टी लावली.
कूलर घसा खाकरतोय, पाणी संपलं असणार.

चार दिवस मी खेळलोच नाही, नुसतं सेटिंग केलं.
ब्राइटनेस वाढवला
तर अंधार पचपचीत, ताकात राख कालवावी तसा.
कमी केला तर जिन्याखालचा कोपरा विहीर झाला.
गॅमा दोन. गॅमा दोन पॉइंट चार.
सावल्या लो, गवत लो,
मोशन ब्लर बंद,
रंग एवढे चढवले की आभाळ
मांडवाच्या कापडासारखं दिसायला लागलं.
देखणा होता गेम.
आता सुट्टीतल्या झेडपी शाळेसारखा दिसतो.
चालेल.
इथे देखावा बघायला कोण आलंय,
माणूस दिसला पाहिजे. आधी.

कानात लोकेश बऱ्हाटे ओरडतो,
"डावीकडे भो, डावीकडे! भितीले चिकटेल आहे!
लाल लाल दिसी राह्यला, तुले दिसत नही का?"

मला भिंत दिसते.
मातकट, विटांची, चांगली जाड भिंत.
तिच्यातून गोळी येते.
आज अकराव्यांदा.

लोकेश रेल्वेत आहे. मालगाडी घेऊन खांडव्याला जातो,
सुट्टीला आला की माझ्या टीममध्ये.
लेखी परीक्षेत मी त्याच्या पुढे होतो, चार मार्कांनी.
मग मेडिकल.
टेबलावर एक पुस्तक, पानापानावर ठिपक्यांचे गोल.
पहिल्या पानाला मी "बारा" म्हणालो, खणखणीत.
दुसऱ्या पानाला थांबलो.
"आकडा सांगा."
"ठिपके आहेत, सर."
"ते मलाही दिसतायत."
रागावले नाहीत ते. पान उलटलं,
आणखी एक उलटलं,
मग शिक्का शोधायला लागले.

तेव्हा कळलं,
ठेच्याला हिरव्या मिरच्या तोड म्हटलं की
मी लालही का आणायचो परसातून.
आई म्हणायची, लक्ष नसतं पोराचं.
आणि पुलावरून सिग्नल मला बरोबर का यायचा तेही कळलं:
मी रंग बघतच नव्हतो कधी.
खालचा पेटला की थांबायचं,
एवढंच पाठ होतं.

लोकेशला हे सांगितलेलं नाही.
वजन भरलं नाही म्हणून सांगितलं.

काल रात्री लाइट गेली, आली,
आणि झोप येईना म्हणून मी मेनूच्या तळाशी गेलो,
आवाजाच्या खाली, भाषेच्याही खाली,
जिथे कोणी जात नाही.
एक ओळ होती. शत्रूचा रंग.
लाल. जांभळा. पिवळा.
शेजारी बारीक अक्षरात:
तुम्हाला जो नीट दिसतो तो निवडा.

कितीतरी वेळ मी ते वाक्य वाचत बसलो.
सर्टिफिकेट मागितलं नाही त्याने,
आडनाव नाही, पुस्तक नाही.
पिवळा, म्हटलं मी. मोठ्याने.
शेजारच्या खोलीत आई कूस बदलून झोपली.

आज तीच भिंत, तोच कोपरा.
आणि भिंतीला चिकटून एक माणूस बसलेला,
अंगाभोवती पिवळी रेघ,
बहाव्याचा घोस लोंबावा तशी.
गुडघा दिसला. कोपर दिसलं.
बंदूक भरताना मान किंचित खाली घालतो तो.
अकरा वेळा हा इथेच होता,
एवढा जवळ,
एवढा अख्खा.

त्याने मान वर केली.
मी मेलो.

"दिसला का?" लोकेश.
"दिसला."
"मग मारला काहून नही?"

"बघत होतो."