कीस

उद्यमनगरात, गुंडाप्पा मिस्त्रीच्या लेथवर
मी शिकाऊ होतो. साल सोडा.
चहाच्या सुट्टीत जॉबकार्डाच्या पाठीवर लिहायचो.
एकदा त्यांनी हात पुसून कार्ड घेतलं,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला:

    फिरे लोह चाकावरी मूक गाणे
    पहाटे उरे कीस स्वप्नाप्रमाणे

पान्यानं लेथच्या बेडवर ठोकत वाचलं.
दुसऱ्या ओळीत पाना हवेतच थांबला.
"हितं घासतंय.
'स्व'चा धक्का मागच्या 'स'ला बसला बघ.
हलकं पायजे तिथं जड झालंय.
जॉब रिजेक्ट."

मी म्हटलं, मिस्त्री, कोण मोजतंय आता?
मोकळंच लिहितात सगळे.
(आज मीही लिहितो. हे त्यातलंच.)

ते हसले नाहीत.
"लिही की मोकळं. तेला बी माप असतंय,
फकस्त ते आधी कुणी कापून ठेवलेलं नसतंय.
चौथीत गुरुजींनी छडी घेऊन पाठ करून घेतलं.
अर्थ गेला, चाल राहिली.
बाप गेला त्या रात्री, पंचगंगेच्या घाटावर,
रडू यायच्या आधी ती चाल आली तोंडात."
आणि व्हर्नियर डबीत ठेवला.

आठवडाभर मी एका शब्दासाठी फिरलो.
बिंदू चौकात सिग्नल सुटला तरी उभा.
रेशीम बसेना.
राख बसली, अगदी चपखल,
पण ती राख नव्हती.

मग एक रात्रपाळी संपली.
पत्र्याच्या भोकातून उन्हाची काडी आत आली
आणि हुपरीहून येणारा नेमगोंडा
झाडू धरून उभाच राहिला किसाच्या ढिगापाशी:
"आमच्यात असली झाडलोट कोण टाकत न्हाई,
चाळून पुन्हा आटवत्यात."

स्वप्न मी त्या लेथवर कधी पाहिलंच नव्हतं.
ऐकून ऐकून लिहिलं होतं.
त्या 'स'नं ते आत येऊ दिलं नाही.

    पहाटे उरे कीस चांदीप्रमाणे

पाना ओळीच्या टोकापर्यंत वाजत गेला.
मिस्त्रींनी कार्ड दोनदा वाचलं,
मग उलटं करून छापील बाजू वर ठेवली.
म्हणाले, "पुलीचा बोअर राहिलाय अजून."