बारा फूट पुढे, बारा फूट मागे

वडाळ्याच्या मिठागरामागे, जिथे रस्ता
हळूहळू चिखल होतो,
तिथे माझा बुलडोझर उभा आहे.
अकरा टन. पिवळा रंग आता फक्त सांध्यांत,
जशी लग्नानंतर हळद नखांत.

गोदीच्या लिलावात घेतला, एकोणनव्वद साली,
फंड मोडून.
शालन म्हणाली, लोक प्लॉट घेतात.
मी म्हटलं, प्लॉट सुरू करता येत नाही.
ते वाक्य तिने अजून माफ केलेलं नाही.

रविवारी सातला
धुराड्यावरचा डालड्याचा डबा उतरवायचा.
आधी छोटं इंजिन, पेट्रोलचं.
दोरी गुंडाळून ओढायची. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा खांदा म्हणतो, वय बघ.
मग ते फोडणीसारखं तडतडतं
आणि आपली ऊब मोठ्याच्या अंगात सोडत राहतं.
इथे घाई नाही.
गार असताना उठवला तर पांढरं खोकत बसतो.
पाच मिनिटं. कान लावायचा. मग क्लच.
एकेक सिलिंडर जागा होतो,
चौथा सगळ्यांत शेवटी,
पांघरूण ओढून घेणाऱ्या धाकट्यासारखा.

साखळीच्या पिना झिजल्या तेव्हा दारूखान्यात गेलो.
हुसेनीभाईंच्या गाळ्यात, नांगरांच्या ढिगामागे,
ह्याचाच जुळा भाऊ पडलेला,
गॅसकटरने नाक कापलेला.
सीटमागच्या पत्र्यावर छिन्नीने कोरलेलं: बस्त्याव.
त्याचा ‘स्त्य’ कधीच नीट यायचा नाही.
दुपारी तो आपल्या बॉनेटवर
माझाही डबा गरम करायला ठेवायचा, न विचारता.
चिंबोऱ्यांचा रस्सा असला की झाकणावर दगड.
हुसेनीभाई म्हणाले, मी किलोवर विकतो, सुट्ट्या पिना काय मागता?
दिल्या. सोळा.
पत्र्याचा तो तुकडा तसाच हातात ठेवला,
म्हणाले, नाव वजनात धरत नाही.

मागच्या मार्गशीर्षात एक माणूस आला.
कडक इस्त्री, बुटांवर रुमाल फिरवत.
एक सकाळ पाहिजे, म्हणाला. फक्त एक सकाळ.
नाल्याकडेची वस्ती आहे, कागद सगळे तयार,
नव्या मशिनी कुठल्या कुठे अडकल्यात.
आकडा सांगितला. त्यात दोन्ही बाजूंच्या
साखळ्या नव्या आल्या असत्या, रोलरसकट.
मी म्हटलं, वळत नाही हा.
क्लचचं काम आहे. नुसता सरळ जातो.
त्याने पात्यावरून बोट फिरवलं,
बोटाला लागलेलं ग्रीस बघितलं,
आणि गेला.

खोटं बोलायची मला सवय नाही.
त्याच रात्री टॉर्च दातांत धरून
डावीकडचे, उजवीकडचे, दांडे, स्प्रिंगा, खिट्ट्या
सगळं काढलं, रॉकेलने पुसलं,
घरी आणून साबुदाण्याच्या डब्यात लपवलं.
सकाळी शालनने डबा हलवून बघितला.
काही बोलली नाही.
साबुदाणा बरणीत भरला.

ह्याच्याखाली खाडी आहे. मला माहीत आहे,
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात
ह्याच पात्याने मीच लोटली तिच्यावर माती.
तिवरं गेली, कुणाचं तरी वाळत घातलेलं जाळं गेलं,
मुकादम ओरडत होता, मागे बघू नकोस, लोट.
बावीस वर्षांचा होतो. लोटलं.

आता दर पावसाळ्यात हा बोटभर खाली जातो.
मी साखळीखाली फळ्या सारतो.
ग्रीसगनचे आठ दाब एका रोलरला,
नवव्याला जुनं काळं ग्रीस बाहेर येतं,
ते बोटावर घेऊन बघायचं, कचकच लागते का.
मग बारा फूट पुढे, बारा फूट मागे,
सील ओले राहावेत एवढ्यापुरतं.
सरळ.

बंद केला की बराच वेळ टिकटिकत गार होतो.
डबा धुराड्यावर उपडा घालतो.
साखळीच्या ठशांत खालून पाणी चढतं,
आणि एक निवटी येऊन
बसते त्यात,
घरमालकिणीसारखी,
माझ्याकडे बघत.