सॉल्ट तेच आहे

सॉल्ट तेच आहे, गालाशेठ म्हणाले,
आणि दोन स्ट्रिपा काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या,
पाहुण्यांपुढे दोघी बहिणींना एकदमच बसवावं तशा.
एकीचा कागद गुलाबी, नाव छोटं, दोनशे अठरा रुपये.
दुसरीला नुसतं चंदेरी, नाव लांबलचक, एकेचाळीस.
मागे कोणी घाईत खोकल्याचं औषध मागत होतं.

मीठ तेच असतं हो, मी म्हटलं,
पण जाऊबाईंची आमटी वेगळी लागतेच ना.
ते हसले. मी गुलाबी घेतली.

मला माझी फीट कधी दिसलेली नाही.
ती बाकीच्यांनी पाहिलेली.
दिगंबरने, ज्याच्या अंगठ्यावर माझे दात आहेत.
ऋजुताने, जिने सहाव्या वर्षी
माझ्या नाकाशी धरलेली शेजारणीची चप्पल
गॅलरीतून खाली भिरकावली.
माझ्या वाट्याला फक्त नंतरचं:
जिभेवर रक्त, ओला परकर,
आणि सगळे असे बघतायत
जसं मी सांगून गेले होते आणि उशिरा आले.

कॅलेंडरवर चौदा महिने लाल टिंब नाही.
त्याचं श्रेय मी गुलाबी कागदाला देत होते.

मग दिवाळीनंतर दिगंबरचा प्रेस बंद झाला.
औषधं ऋजुता आणायला लागली,
सात खणांची डबीही तीच भरायची रविवारी.
फोडल्यावर दोन्ही गोळ्या पांढऱ्याच.

तांदळाच्या डब्यामागे सापडल्या
रबर लावलेल्या रिकाम्या चंदेरी स्ट्रिपा.
चार महिन्यांच्या.
लाइटचं बिल कसं भरलं जातंय, तेही तिथेच कळलं.

माझे हात कापायला लागले.
ऋजुताने स्टूल बाजूला सारलं, उशी आणली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
नाही ग, म्हटलं, फीट नाही ही.
राग आलाय मला.

परळच्या ओपीडीत डॉक्टरीणबाई ऋजुतावर ओरडल्या,
न विचारता असं करतात का.
मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या,
रक्त तपासू. ठीक असेल तर हीच चालू ठेवा.
पण कंपनी एकच धरा,
दर महिन्याला नवी नको.

रिपोर्ट आला तेव्हा भांडुपला मीच गेले दुकानात.
चष्मा लावून स्ट्रिप उलटी केली,
बारीक अक्षरातलं कंपनीचं नाव मोठ्याने वाचलं.
हीच. हिच्या बदल्यात दुसरी नको.
गालाशेठ म्हणाले, अहो, सॉल्ट...
माहीत आहे, म्हटलं,
आणि नऊ रुपये सुटे मोजून घेतले.