सम, विषम

बाहेर चार्ल्स नदी गोठली आहे.
तिच्यावरून एक कुत्रा चालत जातो, मागून मालक, जपून.
उणे चौदा, म्हणतो बँकेच्या भिंतीवरचा आकडा.
इथे तळघरात आम्ही त्याला भट्टी म्हणतो.

पोलादी डब्यात, काचेच्या खिडकीआड,
काही हजार रेणू उजेडात टांगलेले:
पोटॅशियम-रुबिडियम, पोटॅशियम-रुबिडियम,
निरपेक्ष शून्याच्या इतक्या जवळ
की मधल्या अंतराला अंश म्हणणंही उधळपट्टी.
इतक्या थंडीत कुणी कुणावर आदळत नाही.
नुसते पसरतात. एकाची कड दुसऱ्याच्या कडेत शिरते,
ओल्या टीपकागदावर शाईचे दोन डाग पसरावेत तशी,
आणि मग काडीमोड.

चौघांचा गुंता होतो, डोळ्याच्या पापणीलाही
ज्याचा हिशोब लागणार नाही एवढाच वेळ.
सुटतो तेव्हा जोड्या बदललेल्या:
पोटॅशियम पोटॅशियमचा हात धरून,
रुबिडियम रुबिडियमचा,
पाठीला पाठ लावून दोन दिशांना.

मला एवढंच विचारायचंय:
गाभ्याच्या खोल फिरकीत त्यांचं जे एकमेकांत गुंतलं होतं
ते या मोडतोडीतून पार झालं का?

डोमिंगास पहाटे तीनला येते, कचऱ्याची पिशवी बदलायला.
तिच्या ढकलगाडीच्या चाकांनी लेसर बिथरतात,
म्हणून गाडी वर जिन्याशी, आणि दारावर दोन टकटक.
"काय गं हालिना, सापडलं?"

मी तिला दोन रकाने दाखवते.
हा पोटॅशियमचा: सम, विषम, विषम, सम, विषम.
नुसती नाणेफेक.
हा रुबिडियमचा. तोही तसाच, त्यातही काही अर्थ नाही.
"पण शेजारी ठेवले की..." आणि मी गप्प बसते,
कारण अजून ओळी पुरेशा नाहीत.

"म्हणजे हा तिकडून त्याला निरोप धाडतो?"
नाही. निरोप जात नाही. काहीच जात नाही.

ती पिशवीला गाठ मारते.
मिंडेलोला तिचा भाऊ असतो, आर्मिंदो.
एकोणीस वर्षांनी भेटली तेव्हा
झोपण्याआधी त्याने कप चुलीवर पालथा घातला
आणि वर काडेपेटी ठेवली.
"मीही ठेवते. ब्रॉकटनमध्ये. गॅस लायटरवर पेटतो,
तरी काडेपेटी विकत आणते, वर ठेवायला."
आई?
"आईकडे कप नव्हते. पत्र्याचं टमरेल होतं."

मी तिला समजावते, माझे गुरू मला समजावतात तसं:
हे म्हणजे हातमोजे झाले, डोमिंगास.
एक डावा, एक उजवा, पेटीत घालतानाच ठरलेलं.
पेटी उघडल्यावर नवल वाटतं, एवढंच.
इथे आधी काही ठरलेलंच नसतं.
विचारलं की ठरतं,
आणि तरी दोघांचं उत्तर जुळतं.

ती माझ्याकडे बघत राहते,
नव्या फरशीवर चिखलाचे बूट घेऊन आलेल्याकडे बघावं तसं.
"तू आमच्या स्वयंपाकघरात नव्हतीस," म्हणते.
"तिथेही काही ठरलेलं नव्हतं."

यावर माझ्याकडे समीकरण नाही.
म्हणजे आहे. फळ्यावर आहे, तीन ओळींचं,
शेवटच्या ओळीत मध्ये एक अधिकचिन्ह,
दोन्ही शक्यता धरून ठेवणारं.
त्यातला कप मला सापडत नाही.

ती जाते. मी पुन्हा पडद्याकडे.
ठिपका. बराच वेळ काही नाही. ठिपका.
डावीकडे विषम.
उजवीकडचा आकडा यायला थोडा उशीर होतो,
तो मशीनचा उशीर, हे मला पक्कं ठाऊक आहे,
तरी मी श्वास धरते...

आणि वर जिन्याशी तिची गाडी धडधडते,
पायरीवरून एक चाक घसरलं असावं.
लेसरचं कुलूप सुटतं.
टांगलेला उजेड विझतो,
काही हजार रेणू खाली, कुठेतरी, उबेत.

"सॉरी!" वरून ओरडते डोमिंगास.
मी रकान्यात एक जागा कोरी सोडते
आणि पहिल्यापासून थंड करायला घेते.